वेदनेच्या वाहिन्यांची जुळणी कुठे पाहावी? प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळाचे परीक्षण

आरसीएसबी प्रोटीन डेटा बँक हे संकेतस्थळ जीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना नवे नाही. जगभरच्या प्रयोगशाळांनी उलगडलेल्या प्रथिनांच्या त्रिमितीय रचना ज्या भांडारात जमा होतात, ते भांडार १९७१ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अवघ्या ७ रचनांनिशी सुरू झाले आणि २०२३ मध्ये त्यातील नोंदींनी २ लाखांचा टप्पा ओलांडला. या परीक्षणाचा विषय मात्र संपूर्ण भांडार नव्हे. वेदनेची पहिली वर्दी देणाऱ्या आयन वाहिन्या (पेशीपटलातून विद्युतभारित कणांना वाट देणारी प्रथिने) अनेक उपएककांच्या, म्हणजे सुट्या प्रथिनसाखळ्यांच्या, जुळणीतून कशा उभ्या राहतात, एवढी एकच गोष्ट समजून घ्यायची असेल तर हे संकेतस्थळ कितपत उपयोगी पडते, हे मी तपासले आहे. पदवीचा अभ्यास करणारे विद्यार्थी, महाविद्यालयातील शिक्षक आणि औषधशास्त्राची आवड असलेले वाचक नजरेसमोर ठेवून हे लिहीत आहे. संकेतस्थळ पूर्णपणे मोफत आहे, त्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि त्यातील रचनांची माहिती कोणीही कोणत्याही कामासाठी वापरू शकतो. त्यामुळे पैशांचा हिशेब इथेच संपतो.

वेदनेच्या वाहिन्यांमध्ये जुळणीला एवढे महत्त्व का, हे आधी सांगितले पाहिजे. उष्णता आणि मिरचीतील कॅप्सेसिन ओळखणारी टीआरपीव्ही१ ही वाहिनी चार समान उपएककांची असते. इजा झालेल्या पेशींतून सांडलेल्या एटीपीला (पेशींतील ऊर्जावाहक रेणूला) प्रतिसाद देणारी पी२एक्स३ आणि ऊतींतील आम्लता ओळखणारी एएसआयसी या वाहिन्या प्रत्येकी तीन उपएककांच्या असतात. ही तीन कुळे एकमेकांपासून वेगळी आहेत, त्यांच्या घड्याही निराळ्या आहेत, तरीही एक गोष्ट तिन्हींत आढळते. कॅप्सेसिन किंवा एटीपी ज्या खाचेत येऊन बसते ती खाच, आणि एएसआयसीमधील आम्लधर्मी अमिनो आम्लांनी भरलेला कप्पा, हे एकट्या उपएककात पूर्ण होत नाहीत. शेजारच्या उपएककाची भिंत लागते तेव्हाच ते पुरे होतात. जाणिवेची जागा अशी सांध्यावर असल्यामुळे संकेतस्थळाने एकच उपएकक समोर ठेवले, तर वाहिनी अर्धवट दिसते हा दोष त्यामानाने किरकोळ म्हणावा लागेल. वेदनेची सुरुवात जिथे होते ती जागाच चित्रातून गायब होते, हा खरा दोष. म्हणून सांधा दिसतो का, बरोबर दिसतो का, आणि आपण सांध्याकडे पाहत आहोत हे नवख्याला कळते का, या कसोटीवर मी हे संकेतस्थळ पारखले आहे.

सुरुवात टीआरपीव्ही१ पासून करावी, कारण इथे संकेतस्थळाची उत्तम बाजू दिसते. या वाहिनीचे जनुक १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधले आणि २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्यासह मिळाले. तिची रचना मात्र २०१३ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. यिफान चेंग आणि ज्युलियस यांच्या गटांनी स्फटिक न बनवता, गोठवलेल्या नमुन्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरून ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंतचे तपशील मिळवले (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यांश भाग), आणि पटलातील प्रथिनांच्या अभ्यासाची दिशाच त्यानंतर बदलली. ३जे५पी हा संकेत शोधचौकटीत टाकला (टंकताना अर्थातच रोमन लिपीत) की या नोंदीचे पान उघडते. डाव्या बाजूला वाहिनीचे चित्र असते, आणि चार समान घटक आहेत व त्यांची मांडणी चौपदरी चक्रीय सममितीची आहे, हेही तिथेच लिहिलेले असते. त्रिमितीय दृश्य उघडून वाहिनी वरून पाहिली तर मधल्या छिद्राभोवती चार कप्पे असलेल्या चौफुल्यासारखी तिची मांडणी दिसते. प्रत्येक साखळीला वेगळा रंग आपोआप मिळत असल्याने खरी गंमत इथेच लक्षात येते: एका उपएककाची पहिली चार पटलपार सर्पिले (पेशीपटल ओलांडणारे मळसूत्री भाग) स्वतःच्याच पाचव्या-सहाव्या सर्पिलांना बिलगून न बसता शेजारच्या उपएककाच्या पाचव्या-सहाव्या सर्पिलांजवळ टेकलेली असतात. चार उपएकके नुसती शेजारी उभी नाहीत, ती एकमेकांत अडकवलेली आहेत, हे पाठ्यपुस्तकातील सपाट आकृतीतून कधीच नीट कळत नाही. इथे ते रंग पाहून क्षणात कळते.

यापुढची पायरी म्हणून ५आयआरएक्स ही २०१६ ची नोंद पाहावी, असे मी आग्रहाने सुचवेन. यात वाहिनी चरबीच्या छोट्या चकतीत बसवलेली आहे आणि तिच्याबरोबर दोन पाहुणे आहेत. पहिला रेझिनिफेराटॉक्सिन, म्हणजे मोरोक्कोतील निवडुंगासारख्या दिसणाऱ्या एका युफोर्बियाच्या चिकात सापडणारा, कॅप्सेसिनपेक्षा कितीतरी प्रखर असा रेणू. दृश्यात त्याच्यावर टिचकी मारली की भोवतालची अमिनो आम्ले उलगडतात, आणि प्रत्येकाजवळ ते कोणत्या साखळीतील आहे हेही समजते. तिसरे व चौथे सर्पिल आणि चौथ्या-पाचव्याला जोडणारा दुवा एका साखळीचा, तर समोरची भिंत करणारी पाचवे-सहावे सर्पिल दुसऱ्या साखळीचे. सांध्याचा एवढा थेट पुरावा विद्यार्थ्यासमोर ठेवण्याची सोय मला दुसरीकडे इतक्या सहज मिळालेली नाही. हीच वाहिनी पाहुण्यांशिवाय पाहायची असेल तर ५आयआरझेड ही नोंद आहे. तिथे याच खाचेत पटलातील एक फॉस्फोलिपिड ठाण मांडून बसलेले दिसते. तिखट रेणूला आधी त्याला उठवावे लागते.

दुसरा पाहुणा एका चिनी कोळ्याच्या विषातील प्रथिन आहे. त्याच्या दोन गाठी असतात आणि त्या वाहिनीच्या बाहेरच्या तोंडाशी, पुन्हा दोन उपएककांच्या सांध्यावरच, रुतून बसतात. एका वाहिनीवर असे दोन रेणू मावतात. इथे नवख्याने सावध राहावे. पानावर घटकांची जी मोजणी दिसते तिच्यात विषाच्या साखळ्याही धरलेल्या असतात, म्हणून टीआरपीव्ही१ सहा घटकांची आणि दोन प्रकारच्या उपएककांची आहे, असा समज सहज होऊ शकतो. मोजणी चुकीची नाही. नोंदीत जेवढ्या प्रथिनसाखळ्या एकत्र दिसतात तेवढ्या ती मोजते. त्यातले घरचे कोण आणि बाहेरचे कोण हे सांगण्याची जबाबदारी मात्र ती घेत नाही.

सममितीच्या लेबलाबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती पहिल्या पानावर ठळकपणे येत नाही. सूक्ष्मदर्शकाने टिपलेल्या हजारो अस्पष्ट प्रतिमांची सरासरी काढताना संशोधक अनेकदा चारही उपएकके एकसारखी आहेत असे गृहीत धरून गणित करतात. तसे केले असल्यास ‘एक्सपेरिमेंट’ या पानावर लादलेल्या सममितीची नोंद असते. त्यामुळे पहिल्या पानावर झळकणारी चौपदरी सममिती अंशतः निसर्गाची आणि अंशतः गणिताची असते. वेदनेच्या बाबतीत हा फरक केवळ तात्त्विक नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, चारपैकी एकाच उपएककात कॅप्सेसिनला बसता येईल अशा वाहिन्या मुद्दाम घडवल्या गेल्या, आणि तेवढ्यानेही वाहिनी पूर्ण उघडते असे दिसले. आम्लाच्या बाबतीत मात्र चारही उपएककांचा सहभाग लागला. एका खाचेत पाहुणा आणि तीन रिकाम्या अशी वाहिनी सममितीच्या साच्यातून काढलेल्या चित्रात दिसूच शकत नाही, हे पाहणाऱ्याला माहीत असायला हवे.

आता या संकेतस्थळाच्या सर्वांत अवघड वळणाकडे येतो. स्फटिकावर क्ष-किरण टाकून मिळवलेल्या रचनांमध्ये जे निर्देशांक (अणूंच्या जागा सांगणारे आकडे) जमा केले जातात ते स्फटिकातील पुनरावृत्त होणाऱ्या लहानात लहान भागाचे असतात. संकेतस्थळ त्याला ‘ॲसिमेट्रिक युनिट’ म्हणते. पेशीत जे प्रत्यक्ष काम करते ते म्हणजे ‘बायोलॉजिकल असेंब्ली’, अर्थात जैविक जुळणी. हे दोन्ही एकच असतील असे गृहीत धरता येत नाही, आणि वेदनेच्या वाहिन्यांमध्ये याची दोन टोकाची उदाहरणे सापडतात. पहिले ४डीडब्ल्यू१, झेब्रा माशाच्या पी२एक्स४ वाहिनीची एटीपी बसलेली उघडी अवस्था. ही रचना मोतोयुकी हत्तोरी आणि एरिक गुओ यांनी २०१२ मध्ये २.८ अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडली. (मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींमधल्या पी२एक्स४ चा चेतांना इजा झाल्यानंतरच्या वेदनेशी संबंध आहे हे २००३ मध्ये दाखवले गेले होते, म्हणून ही वाहिनी आपल्या विषयातलीच.) या नोंदीत जमा झालेली साखळी एकच आहे, आणि तीन साखळ्यांची वाहिनी स्फटिकाच्या त्रिपदरी सममितीतून उभी करावी लागते. दुसरे उदाहरण २क्यूटीएस, कोंबडीच्या एएसआयसी१ वाहिनीची गुओ यांच्याच गटाने २००७ मध्ये १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडलेली रचना. इथे जमा झालेल्या साखळ्या सहा आहेत, कारण स्फटिकाच्या त्या भागात दोन पूर्ण वाहिन्या शेजारी पडलेल्या आहेत. पेशीत दोन्ही वाहिन्या तीन-तीन उपएककांच्या. पण कच्ची फाइल उतरवून घेणाऱ्याच्या हातात एकीकडे वाहिनीचा एक तृतीयांश येतो, तर दुसरीकडे दुप्पट.

संकेतस्थळाने ही अडचण किती सांभाळली आहे? माझ्या मते, पाहणाऱ्यासाठी उत्तम आणि उतरवून घेणाऱ्यासाठी अपुरी. पान उघडताच समोर येते ते जैविक जुळणीचे चित्र असते, आणि बाणावर टिचकी मारून मूळ असममित भागही पाहता येतो. मोलस्टार या दृश्यसाधनातही जुळणी बदलण्याची यादी आहे. चित्राखाली ही जुळणी कोणी ठरवली हेदेखील लिहिलेले असते: रचना जमा करणाऱ्या संशोधकांनी, ‘पिसा’ नावाच्या संगणकप्रणालीने, की दोघांनी. ही छोटी ओळ मला संपूर्ण पानावरची सर्वांत प्रामाणिक ओळ वाटते. पिसा दोन साखळ्यांमधील स्पर्शाचे क्षेत्रफळ आणि त्या स्पर्शाची अंदाजे ऊर्जा यांवरून कोणता समूह द्रावणात टिकेल याचा निर्णय देते. म्हणजे जुळणी हे मोजलेले सत्य नसून तर्काने काढलेले अनुमान असते, आणि इथे ते तसे मान्य केलेले आहे. मात्र ‘डाउनलोड’ची यादी उघडली की साधी फाइल सर्वांत वर आणि जैविक जुळणीची फाइल बरीच खाली असा क्रम असतो, आणि सांध्यावरची एटीपीची खाच अभ्यासायला निघालेला विद्यार्थी ४डीडब्ल्यू१ ची एकच साखळी घेऊन औषधरेणू बसवण्याच्या संगणकीय प्रयोगाला लागण्याचा धोका पुरेपूर असतो. ‘या नोंदीतील साखळ्यांची संख्या आणि जैविक जुळणीतील संख्या वेगळी आहे’ एवढी एक सूचना तिथे असती, तरी पुष्कळ श्रम वाचले असते.

२क्यूटीएस बद्दल आणखी थोडे लिहिणे भाग आहे, कारण जुळणी या विषयावर एवढी बोलकी नोंद क्वचितच मिळते. एएसआयसी ज्या कुळात येते त्या कुळातील वाहिन्यांत उपएकके किती, यावर २००७ पर्यंत एकमत नव्हते. कोणाच्या प्रयोगांतून चार निघत, तर कोणी आकडा नऊपर्यंत नेला होता. या रचनेने तीन हे उत्तर दिले आणि वाद मिटला. प्रत्येक उपएककाच्या बाहेरच्या भागाला संशोधकांनी मनगट, तळवा, बोट, अंगठा अशी नावे दिली आहेत. आम्लधर्मी अमिनो आम्लांचा कप्पा एकाचे बोट व अंगठा आणि शेजारच्याचा तळवा यांच्यामध्ये येतो, हे दृश्यात थोडे फिरवून पाहिले की दिसते. पण स्फटिक मिळावा म्हणून या वाहिनीची दोन्ही टोके कापलेली होती आणि ती त्या स्वरूपात काम करत नव्हती. पटलातील सर्पिलेही तीन उपएककांत सारखी नव्हती. २०२० मध्ये गुओ यांच्या गटाने न कापलेल्या एएसआयसी१ ची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा साखळीच्या सुरुवातीचा एक भाग आतून वळून पुन्हा पटलात शिरतो आणि हिस्टिडीन व ग्लायसीन या जोडीसह छिद्राचा खालचा भाग घडवतो, असे आढळले. आधीच्या संक्षिप्त रचनांमध्ये हा भाग दिसतच नव्हता. तीन उपएककांची मोजणी सुरुवातीपासून बरोबर होती, पण त्यांच्यामधल्या वाटेचा तळ अनेक वर्षे चित्रात नव्हता.

न दिसणाऱ्या भागांची माहिती संकेतस्थळावर आहे, पण ती ‘सिक्वेन्स’ या वेगळ्या पानावर, पट्ट्यांच्या रूपात. टीआरपीव्ही१ च्या २०१३ च्या रचनेचेही तसेच. उंदराच्या टीआरपीव्ही१ मध्ये ८३८ अमिनो आम्ले असतात; रचनेसाठी वापरलेल्या साखळीत सुरुवातीची १०९, छिद्राबाहेरच्या बुरुजाची २३ आणि शेवटची काही अशी मिळून दोनशेहून अधिक अमिनो आम्ले मुळात ठेवलेलीच नव्हती. पहिल्या पानावरचे सुबक चित्र पाहून हे ओळखता येत नाही. कापलेले किंवा न दिसलेले भाग मुख्य चित्रातच फिक्या रेषेने सुचवण्याचा पर्याय द्यायला हवा, ही माझी या संकेतस्थळाकडून पहिली अपेक्षा आहे. पेशीपटलाचेही असेच. पटल दाखवण्याची सोय उपलब्ध आहे, पण ते आपणहून समोर येत नाही, आणि बाहेरची बाजू कोणती व आतली कोणती हे ओळखण्यातच नवख्याचा बराच वेळ जातो.

मोहरी आणि वसाबीच्या झणझणीने उघडणाऱ्या टीआरपीए१ ची ३जे९पी ही २०१५ ची नोंद मात्र आवर्जून पाहावी. सुमारे ४ अँगस्ट्रॉमचेच तपशील असूनही चार उपएकके एकत्र कशाने धरून ठेवली जातात याचे उत्तर तिथे स्पष्ट दिसते: चारही साखळ्यांच्या शेवटच्या भागातील सर्पिले पेशीच्या आत, वाहिनीच्या मध्यअक्षावर एकमेकांना पीळ घालून उभी आहेत, आणि इनॉसिटॉल हेक्झाफॉस्फेट हा रेणू त्या जुळणीला स्थैर्य देतो. याच वाहिनीतील ८५५ व्या जागेवर ॲस्परॅजिनऐवजी सेरीन आल्याने एका कुटुंबात वेदनेचे झटके येतात, हे २०१० मध्ये उघड झाले होते. रचनेच्या नोंदीवरून जनुकातील बदलांच्या माहितीकडे जाण्यासाठी दुवे दिलेले आहेत आणि ते उपयोगी आहेत.

भांडाराची सर्वांत मोठी उणीव मला वाटते ती मिश्र वाहिन्यांच्या बाबतीत. वेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशींत पी२एक्स३ ची तीन समान उपएकके असलेल्या वाहिन्या असतात, तशाच एक पी२एक्स२ आणि दोन पी२एक्स३ अशा मिश्र वाहिन्याही असतात. या दोन उपएककांच्या एकत्र येण्यातूनच चेतापेशींतील काही विद्युतप्रवाहांचा खुलासा होतो, हे १९९५ मध्येच दाखवले गेले होते. औषधशास्त्रात या फरकाला मोठी किंमत आहे. जुनाट खोकल्यावरील गेफापिक्संट हे पी२एक्स३ ला अडवणारे औषध जपानमध्ये २०२२ मध्ये मान्य झाले. ते घेणाऱ्या अनेकांची चव बिघडते, आणि त्याचे कारण जिभेच्या चेतांमधील मिश्र वाहिन्याही अडवल्या जाणे हे मानले जाते. पण संकेतस्थळावर पी२एक्स३ शोधले की समोर येणाऱ्या नोंदी बहुतांशी तीन समान उपएककांच्या असतात. त्यात दोष संकेतस्थळाचा नाही. प्रयोगशाळेत एकच जनुक पेशींत घालून शुद्ध, एकसारखे प्रथिन मिळवणे सोपे असते आणि भांडारात तेच जमा होते. तरीही शोधाच्या निकालांवरून ‘पेशीत असेच असते’ असा ग्रह होतो, आणि तो दूर करणारे काही पानावर नाही. तीन समान उपएककांपुरते पाहायचे असेल तर मानवी पी२एक्स३ ची ५एसव्हीके ही २०१६ ची नोंद सुंदर आहे. एटीपी तीन सांध्यांवर बसले आणि वाहिनी उघडली की पेशीच्या आत तिन्ही उपएककांचे धागे एकमेकांत गुंफून एक टोपी तयार होते; एटीपी नसलेल्या आणि थकून मिटलेल्या अवस्थांत ही टोपी दिसत नाही.

२०२२ पासून या संकेतस्थळावर संगणकाने भाकीत केलेल्या रचनाही शोधता येतात. शोधचौकटीजवळची कळ सरकवली की अल्फाफोल्डने काढलेली प्रतिरूपे निकालांत मिसळतात, आणि ती वेगळ्या खुणेने दाखवली जातात ही चांगली गोष्ट. पण ही प्रतिरूपे मुख्यतः एकेकट्या साखळीची आहेत. मानवी टीआरपीव्ही१ चे असे प्रतिरूप उघडले तर पटलातील सर्पिले विश्वासार्ह वाटतात, परंतु कॅप्सेसिनच्या खाचेची समोरची भिंत तिथे नसते, कारण ती भिंत ज्या शेजाऱ्याची तो शेजारीच चित्रात नाही. वर सांगितलेला धोका इथे अधिक वाढतो: स्फटिकाच्या नोंदीत जैविक जुळणी निदान एका टिचकीवर असते, एकेकट्या साखळीच्या प्रतिरूपाला ती नसतेच. जुळणी समजून घ्यायची असेल तर ही कळ बंद ठेवावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

सर्वच वाहिन्या सुट्या उपएककांच्या नसतात, हे दाखवण्यासाठी सोडियम वाहिनी एनएव्ही १.७ च्या नोंदी चांगल्या. पाकिस्तानातील काही कुटुंबांत या वाहिनीचे जनुक निकामी झाल्याने माणसांना जन्मापासून वेदनाच कळत नाही, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. निएंग यान यांच्या गटाने २०१९ मध्ये दिलेल्या रचनेत चार भाग आहेत, पण ते चारही सुमारे दोन हजार अमिनो आम्लांच्या एकाच साखळीत ओवलेले आहेत, आणि बाजूला बीटा१ व बीटा२ ही दोन सहायक उपएकके आहेत. साखळीनुसार रंगवलेल्या दृश्यात ही चौकडी दिसत नाही; ती पाहायची तर साखळीतील क्रमानुसार रंग बदलून घ्यावे लागतात. स्पर्श आणि दाबाची जाणीव देणाऱ्या पिएझो२ ची ६केजी७ ही नोंद उलट नजरेत भरणारी आहे: तीन उपएकके, प्रत्येकी ३८ पटलपार सर्पिले, एकूण ११४. एवढी मोठी रचना स्वस्त मोबाइलवर उघडू नये, संगणकच बरा.

दृश्यसाधन म्हणून मोलस्टार सफाईदार आहे, ते ब्राउझरमध्येच चालते आणि वेगळी प्रणाली बसवावी लागत नाही. त्याच्या आज्ञांची मांडणी मात्र शिकाऊ माणसाला गोंधळात टाकते. साखळी लपवणे किंवा दोन उपएककांमधील अंतर मोजणे या साध्या गोष्टी कुठे दडल्या आहेत ते शोधावे लागते. नेमाने काम करणाऱ्याने किमेराएक्स हे दृश्यसाधन संगणकावर घ्यावे, ते शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे. दर्जाची कल्पना देणारी लाल-निळी पट्टी प्रत्येक नोंदीवर असते, आणि तिच्यातील एक ओळ रामचंद्रन आलेखाची, म्हणजे प्रथिनसाखळीच्या वळणांचे कोन शक्य कोटीतले आहेत का हे पाहणाऱ्या आलेखाची आहे. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेला हा आलेख आजही जगातील प्रत्येक नव्या प्रथिनरचनेची परीक्षा घेतो, हे आपल्या वर्गांतून आवर्जून सांगितले जावे. शिक्षकांसाठी पीडीबी-१०१ हा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यातील ‘या महिन्याचा रेणू’ ही डेव्हिड गुडसेल यांनी २००० मध्ये सुरू केलेली लेखमाला चित्रांसाठी तरी पाहावीच. सारे इंग्रजीत आहे, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिले काही दिवस शिक्षकाची सोबत लागेल.

उपएकके जुळून आलेली दाखवण्यात हे संकेतस्थळ अव्वल आहे. ती जुळतात कशी, ही प्रक्रिया मात्र इथे सापडणार नाही. टीआरपीव्ही१ च्या साखळीचा सहाव्या सर्पिलानंतरचा टीआरपी नावाचा भाग काढला तर चार उपएकके एकत्र येण्यात अडथळा येतो, हे २००४ च्या प्रयोगांतून कळले. त्या प्रयोगांची जागा निर्देशांकांच्या या भांडारात नाही. त्यासाठी नोंदीच्या पानावर दिलेल्या मूळ शोधनिबंधाच्या दुव्यावरून पुढे जावे आणि त्या निबंधाने उल्लेखलेले जुने निबंध शोधावेत. भांडारात नव्या रचनांची भर दर बुधवारी, आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजता पडते, आणि वेदनेच्या वाहिन्यांच्या नव्या नोंदींवर लक्ष ठेवायचे असेल तर प्रगत शोधात घटकांची संख्या व प्रकार यांची अट घालून मिश्र वाहिन्या तेवढ्या वेगळ्या काढता येतात.